इंग्रजीतला सब्जंक्टिव्ह मूड: मागणीची आणि कल्पनेची वाक्यं बिनचूक कशी लिहायची

‘ही सजेस्टेड मी टू गो.’ ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.’ ‘आय विश यू विल पास.’ मराठी माणसाच्या इंग्रजीत, अर्जापासून मुलाखतीपर्यंत, ही वाक्यं सारखी भेटतात. तिन्ही चुकीची आहेत. बहुतेकांना नियम ऐकून माहीत असतो, तरी चूक होते, कारण रूप आधी निवडलं जातं आणि अर्थाकडे नंतर पाहिलं जातं. ‘इफ’ दिसलं की ‘वेअर’ घालायचं, ‘सजेस्ट’ दिसलं की ‘टू’ जोडायचं, असा हिशोब चालतो.

क्रम उलटा हवा. बोलणारा वस्तुस्थिती सांगतोय, काहीतरी व्हावं असं म्हणतोय, की जे नाही त्याची कल्पना करतोय, हे आधी ठरवा. मराठीत हा निवाडा आपण न चुकता करतो: ‘तो जातो’, ‘त्यानं जावं’, ‘तो गेला असता’. शाळेत यांनाच स्वार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ म्हणतात. इंग्रजी सब्जंक्टिव्हचं, म्हणजे मागणी किंवा कल्पना दाखवणाऱ्या क्रियापदाच्या रूपाचं, काम मुख्यतः यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी आहे.

तयारी

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: ‘आहे’, ‘व्हावं’, ‘असतं तर’. खाली येणारी इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये वहीत उतरवून घ्या. सरावासाठी कर्ता शक्यतो ‘ही’ किंवा ‘शी’ घ्या. ‘दे गो’ साध्या वाक्यातही ‘दे गो’च असतं, त्यामुळे चूक झाली तरी दिसत नाही. ‘ही’ घेतलं की ‘गोज’ आणि ‘गो’ यातला फरक लगेच समोर येतो.

टप्पा १: मराठी वाक्य लिहा आणि रकाना ठरवा

वाक्य आधी पूर्ण मराठीत लिहा आणि त्याचं क्रियापद पाहा.

‘तो रोज अहवाल देतो’ हे ‘आहे’ रकान्यात. ‘त्यानं अहवाल द्यावा अशी मागणी आहे’ हे ‘व्हावं’ रकान्यात. ‘त्यानं अहवाल दिला असता तर’ हे ‘असतं तर’ रकान्यात.

सावध: प्रत्येक ‘वा’ मागणीचा नसतो. ‘तो घरी असावा’ हा अंदाज आहे. त्याचं इंग्रजी ‘ही मस्ट बी अ‍ॅट होम’. आणि ‘त्यानं जावं’ हे एकटंच वाक्य असेल, आधी मागणी किंवा सूचना सांगणारा शब्द नसेल, तर ‘ही शुड गो’ लिहायचं. नुसतं ‘ही गो’ हे स्वतंत्र वाक्य इंग्रजीत उभं राहत नाही.

टप्पा २: ‘व्हावं’ रकान्यातलं क्रियापद मूळ रूपात ठेवा

मागणी, सूचना, शिफारस, आग्रह, विनंती, प्रस्ताव, आदेश सांगणाऱ्या शब्दानंतर ‘दॅट’ आलं, की पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं. त्याला ‘एस’ लागत नाही, त्याचा भूतकाळ होत नाही, ‘टू’ जोडायचं नाही.

‘द कमिटी रेकमेंड्स दॅट ही सबमिट द रिपोर्ट बाय मंडे.’

असा शब्द क्रियापदच असावा असं नाही. ‘इट इज इसेन्शियल’, ‘इट इज व्हायटल’, ‘इट इज इम्पॉर्टंट’, ‘इट इज नेसेसरी’ यांच्यानंतरही हेच रूप येतं. नामानंतरही येतं: ‘द डिमांड दॅट ही रिझाइन’, ‘ऑन कंडिशन दॅट शी पे इन अ‍ॅडव्हान्स’.

एरवी हे मूळ रूप आणि साधं वर्तमानकाळी रूप सारखीच दिसतात, पण चार ठिकाणी फरक उघडा पडतो आणि चुकाही तिथेच होतात.

पहिलं ठिकाण, तृतीय पुरुष एकवचन. ‘दॅट ही सबमिट्स’ नाही, ‘दॅट ही सबमिट’.

दुसरं, ‘बी’. कर्ता कोणताही असो, ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’ यातलं काहीही येत नाही: ‘इट इज इसेन्शियल दॅट शी बी प्रेझेंट.’ पत्रव्यवहारात कर्मणी वाक्यं पदोपदी लागतात, म्हणून हा साचा तोंडात बसवाच: ‘वी रिक्वेस्ट दॅट द मीटिंग बी पोस्टपोन्ड.’ इथे ‘इज पोस्टपोन्ड’ लिहिलं, तर बैठक पुढे ढकलली गेली आहे असा भास होतो.

तिसरं ठिकाण नकाराचं, आणि सर्वांत जास्त लोक इथेच अडखळतात. ‘डज नॉट’ किंवा ‘डोन्ट’ येत नाही. नुसतं ‘नॉट’ क्रियापदाच्या आधी बसतं. ‘द डॉक्टर रेकमेंड्स दॅट ही नॉट ड्राइव्ह.’ कर्मणीत ते ‘बी’च्याही आधी जातं: ‘आय आस्क दॅट द फाइल नॉट बी डिलीटेड.’ कानाला हे सुरुवातीला अपुरं वाटतं. ते बरोबर आहे. ‘टू’ किंवा ‘डू’ घालून पुरं करायला जाऊ नका.

चौथं, भूतकाळ. मुख्य वाक्य भूतकाळी असलं तरी ‘दॅट’नंतरचं क्रियापद हलत नाही. ‘शी इन्सिस्टेड दॅट ही लीव्ह अ‍ॅट वन्स.’ इथे ‘लेफ्ट’ लिहिलं तर वाक्य व्याकरणात बसतं, पण अर्थ फिरतो. तो कसा, ते टप्पा ४ मध्ये येईल.

तपासणी: ‘दॅट’नंतरच्या कर्त्यापुढे ‘शुड’ ठेवून वाक्य वाचा. ‘दॅट ही शुड सबमिट’ असं म्हटल्यावर अर्थ तोच राहिला, तर ‘शुड’ काढा आणि बाकीचं तसंच ठेवा. उरलेलं रूप हेच उत्तर. नकारातही ही युक्ती चालते: ‘शुड नॉट ड्राइव्ह’मधून ‘शुड’ गेलं की ‘नॉट ड्राइव्ह’ उरतं.

ब्रिटिश लेखनात हे ‘शुड’ बरेचदा तसंच ठेवतात आणि तेही शुद्ध आहे. अमेरिकी लेखनात नुसत्या मूळ रूपाकडे कल असतो. कोणतंही एक निवडा, पण एकाच पत्रात दोन्ही मिसळू नका. औपचारिक मजकुरात मूळ रूप ठेवावं, असं आमचं मत: वाक्य आटोपशीर होतं आणि दोन्हीकडे चालतं. मात्र ‘डिमांड दॅट ही मस्ट गो’ असं ‘मस्ट’ घालू नका. सक्तीचा अर्थ ‘डिमांड’मध्येच आलेला आहे.

टप्पा ३: मागणीच्या क्रियापदाचा साचा तपासा

मराठीत ‘त्याला जायला सांगितलं’, ‘त्याला जायला सुचवलं’ हे दोन्ही एकाच घडणीचं आहे. इंग्रजीत तसं नाही. प्रत्येक क्रियापदाबरोबर त्याचा साचाही पाठ असायला हवा.

‘सजेस्ट’, ‘प्रपोज’, ‘डिमांड’ आणि ‘इन्सिस्ट’ यांच्यापुढे ‘माणूस अधिक टू’ हा साचा चालत नाही. ‘सजेस्टेड मी टू गो’, ‘डिमांडेड हिम टू पे’, ‘इन्सिस्टेड हर टू स्टे’ ही तिन्ही वाक्यं खोडा. त्याऐवजी ‘सजेस्टेड दॅट आय गो’, ‘डिमांडेड दॅट ही पे’, ‘इन्सिस्टेड दॅट शी स्टे’. ‘रेकमेंड’लाही ‘दॅट’च जोडा.

‘रिक्वेस्ट’, ‘आस्क’, ‘ऑर्डर’, ‘अर्ज’ (आग्रहानं सांगणं, या अर्थाचं इंग्रजी क्रियापद) आणि ‘रिक्वायर’ यांना दोन्ही साचे चालतात: ‘रिक्वेस्टेड हिम टू कम’ किंवा ‘रिक्वेस्टेड दॅट ही कम’. फक्त ‘रिक्वेस्टेड टू हिम’ कधीही लिहू नका. ‘अ‍ॅडव्हाइज’ बहुधा ‘हिम टू’ घेतं.

‘वाँट’ आणि ‘होप’ या यादीत नाहीत. ‘आय वाँट दॅट ही गो’ हे ‘त्यानं जावं असं मला वाटतं’ याचं शब्दशः भाषांतर आहे. बरोबर वाक्य ‘आय वाँट हिम टू गो’.

टप्पा ४: दोन अर्थांची क्रियापदं वेगळी करा

‘इन्सिस्ट’ आणि ‘सजेस्ट’ यांचे प्रत्येकी दोन अर्थ आहेत. यादी पाठ करून लिहिणारे इथे हमखास फसतात.

‘इन्सिस्ट’ म्हणजे आग्रह धरणं, आणि ठासून सांगणंही. ‘शी इन्सिस्टेड दॅट ही लीव्ह’ म्हणजे त्यानं निघावं असा तिनं आग्रह धरला. ‘शी इन्सिस्टेड दॅट ही लेफ्ट’ म्हणजे तो निघाला होता असं ती ठामपणे सांगत राहिली. फरक एका क्रियापदाचा, पण पहिल्यात आदेश आहे आणि दुसऱ्यात साक्ष. कामकाजाच्या टिपणात ही अदलाबदल झाली, तर कोणी काय म्हटलं याची नोंदच चुकते.

‘सजेस्ट’चंही तसंच. ‘आय सजेस्ट दॅट ही बी मोअर केअरफुल’ ही सूचना आहे. ‘द एव्हिडन्स सजेस्ट्स दॅट ही इज गिल्टी’ म्हणजे पुराव्यावरून तसं दिसतं. इथे ‘बी’ घातलं, तर त्यानं गुन्हेगार व्हावं असं पुरावा सुचवतोय, असा विचित्र अर्थ निघतो.

तपासणी: मराठीत ‘-वं/-वा/-वी’ येतं, की ‘आहे/होता’ येतं? ‘आहे’ किंवा ‘होता’ आलं, तर वाक्य पहिल्या रकान्यात हलवा आणि साधा काळ वापरा.

टप्पा ५: ‘असतं तर’ रकान्यात आधी काळ ठरवा

कल्पनेच्या वाक्यात इंग्रजी क्रियापद काळाची एक पायरी मागे नेते. गोष्ट आत्ताची असेल तर भूतकाळाचं रूप, गोष्ट मागची असेल तर ‘हॅड’ आणि तिसरं रूप.

आत्ताची गोष्ट: ‘मी तुझ्या जागी असतो तर नकार दिला असता.’ ‘इफ आय वेअर यू, आय वुड रिफ्यूज.’ मराठीत पुढचा भाग ‘दिला असता’ असा आला, तरी नकार देण्याची वेळ आत्ताची आहे, म्हणून ‘वुड रिफ्यूज’. ‘वुड हॅव रिफ्यूज्ड’ लिहिलं की ती वेळ टळून गेलेली असते. मराठीतलं ‘असता’ दोन्ही काळांना चालतं. इंग्रजीत वेळ विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मागची गोष्ट: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’

दोन काळ एकत्र: ‘तेव्हा औषध घेतलं असतं तर आज तो बरा असता.’ ‘इफ ही हॅड टेकन द मेडिसिन, ही वुड बी वेल टुडे.’ दोन्ही अर्ध्या वाक्यांची वेळ वेगवेगळी ठरवली, की हे वाक्य आपोआप जमतं.

आता ‘इफ आय वुड हॅव नोन’चं मूळ पाहा. ‘मला माहीत असतं तर मी आलो असतो’ यात ‘असतं-असतो’ दोन्हीकडे आहे, म्हणून हात दोन्हीकडे ‘वुड’ लिहितो. इंग्रजीत ‘वुड’ परिणामाच्या भागात असतं. अटीच्या भागात नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: ‘इफ यू वुड वेट अ मोमेंट’ ही नम्र विनंती आहे, कल्पना नाही.

‘बी’चं रूप या रकान्यात सर्व कर्त्यांना ‘वेअर’: ‘इफ आय वेअर’, ‘इफ ही वेअर’, ‘इफ इट वेअर’. बोलताना ‘इफ ही वॉज’ सर्रास ऐकू येतं आणि चालूनही जातं. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात ‘वेअर’च लिहा.

सावध: ‘इफ’ दिसलं म्हणून ‘वेअर’ घालू नका. तीन ठिकाणी ते चुकतं.

एक, शक्य कोटीतलं भविष्य. मराठीत ‘उद्या पाऊस आला तर’ असं भूतकाळी रूप वापरतात, पण तिथे कल्पना नाही, खरी शक्यता आहे. ‘इफ इट रेन्स टुमॉरो, वी विल स्टे इन.’ इथे ‘इफ इट रेन्ड’ लिहिलं, तर पाऊस येण्याची शक्यता तुम्हाला कमी वाटते, असा अर्थ पोचतो.

दोन, मागची पण अनिश्चित गोष्ट. ‘तो काल तिथे असेल, तर त्यानं पाहिलं असणारच.’ ‘इफ ही वॉज देअर यस्टरडे, ही मस्ट हॅव सीन इट.’ तो तिथे असू शकतो, म्हणून ‘वॉज’.

तीन, ‘की नाही’ या अर्थाचं ‘इफ’. ‘शी आस्क्ड इफ आय वॉज रेडी.’ इथे ‘वेअर’ घालणं ही नियम जास्त ताणल्याची चूक आहे, आणि इंग्रजी चांगलं असलेल्यांच्या लेखनातही ती आढळते.

टप्पा ६: ‘विश’ आणि ‘होप’ वेगळे ठेवा

शुभेच्छा आणि आशा यांच्यासाठी ‘होप’: ‘आय होप यू पास.’ ‘विश’नंतर पूर्ण वाक्य आलं, की ते नसलेल्या गोष्टीबद्दल बोलतं. ‘आय विश यू सक्सेस’ चालतं, कारण तिथे नुसतं नाम आहे; ‘आय विश यू विल सक्सीड’ कधीच चालत नाही.

आत्ता नसलेली गोष्ट: ‘आय विश आय वेअर टॉलर.’ होऊन गेलेली: ‘आय विश आय हॅड लिसन्ड.’ दुसऱ्याचं वागणं किंवा परिस्थिती बदलावी: ‘आय विश ही वुड स्टॉप शाउटिंग’, ‘आय विश इट वुड स्टॉप रेनिंग’. स्वतःबद्दल हे ‘वुड’ बहुधा चालत नाही. ‘आय विश आय कुड स्टॉप’ म्हणा.

मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं तरी आतलं रूप हलत नाही: ‘ही विश्ड ही वेअर टॉलर.’ ‘हॅड बीन’ तेव्हाच, जेव्हा इच्छा त्याही आधीच्या काळाबद्दल असेल.

टप्पा ७: ‘अ‍ॅज इफ’, ‘वुड रादर’, ‘इट इज टाइम’

‘अ‍ॅज इफ’नंतर गोष्ट खोटी असेल तर ‘वेअर’: ‘ही टॉक्स अ‍ॅज इफ ही वेअर द ओनर’, म्हणजे तो मालक नाही. खरी असू शकेल तर साधा काळ: ‘इट लुक्स अ‍ॅज इफ इट इज गोइंग टू रेन.’

‘वुड रादर’ म्हणजे ‘त्यापेक्षा हे बरं’. त्याच्यापुढे दुसरा कर्ता आला, तर उद्याच्या गोष्टीलाही भूतकाळाचं रूप लागतं: ‘आय वुड रादर यू केम टुमॉरो.’ नकार ‘यू डिडन्ट कम’. कर्ता एकच असेल तर मूळ रूप: ‘आय वुड रादर गो.’

‘इट इज टाइम’चंही असंच: ‘इट इज टाइम वी लेफ्ट.’ इथे मात्र ‘वेअर’चा हट्ट धरू नका, ‘इट इज टाइम आय वॉज गोइंग’ हेच रूढ आहे.

टप्पा ८: उलटा क्रम, ‘लेस्ट’ आणि ठरलेले शब्दप्रयोग

औपचारिक लेखनात ‘इफ’ गाळून क्रियापद पुढे आणता येतं: ‘वेअर आय इन चार्ज’, ‘हॅड आय नोन’, ‘शुड यू नीड हेल्प’. ‘इफ’ ठेवून असं करू नका. ‘वेअर’च्या जागी ‘वॉज’ चालत नाही, आणि नकार जोडून लिहायचा नाही: ‘हॅडन्ट आय नोन’ चूक, ‘हॅड आय नॉट नोन’ बरोबर.

‘लेस्ट’मध्ये नकार आधीच आहे. ‘पडू नये म्हणून’ यातला ‘नये’ इंग्रजीत पुन्हा आणू नका. ‘होल्ड हिज हँड लेस्ट ही फॉल’ किंवा ‘लेस्ट ही शुड फॉल’.

‘लाँग लिव्ह’, ‘गॉड ब्लेस यू’, ‘कम व्हॉट मे’, ‘बी दॅट अ‍ॅज इट मे’, ‘इफ नीड बी’, ‘सो बी इट’ हे जसेच्या तसे पाठ करा. त्यांच्या धर्तीवर नवीन वाक्यं रचत बसू नका.

टप्पा ९: लिहून झाल्यावरची तपासणी

मजकुरात ‘दॅट’, ‘इफ’ आणि ‘विश’ शोधा. प्रत्येक ‘दॅट’च्या आधी मागणीचा शब्द आहे का ते पाहा, असल्यास ‘शुड’ची चाचणी लावा. प्रत्येक ‘इफ’ला विचारा: हे शक्य आहे, की कल्पना? कल्पना असेल तर त्या भागात ‘वुड’ शिरलेलं नाही ना? ‘विश’नंतर ‘विल’ दिसलं तर ‘होप’ लिहा आणि ‘विल’ काढा.

आता खालची आठ वाक्यं उत्तर झाकून दुरुस्त करा. आठही चुकीची आहेत.

1. ‘द डॉक्टर सजेस्टेड हर टू टेक रेस्ट.’
2. ‘इट इज नेसेसरी दॅट एव्हरी फॉर्म इज साइन्ड.’ (नियम सांगायचा आहे.)
3. ‘आय डिमांड दॅट ही डज नॉट डिलीट द फाइल.’
4. ‘इफ ही वुड हॅव आस्क्ड, आय वुड हॅव हेल्प्ड.’
5. ‘शी वाँटेड टू नो इफ आय वेअर टायर्ड.’
6. ‘आय विश यू विल गेट द जॉब.’
7. ‘द फूटप्रिंट्स सजेस्ट दॅट समवन बी इन द हाउस.’
8. ‘ही रॅन लेस्ट ही शुड नॉट मिस द ट्रेन.’ (गाडी चुकू नये म्हणून तो धावला.)

उत्तरं:

1. ‘सजेस्टेड दॅट शी टेक रेस्ट.’ ‘टेक्स’ लिहिलं असेल तर टप्पा २ पुन्हा वाचा.
2. ‘दॅट एव्हरी फॉर्म बी साइन्ड.’
3. ‘दॅट ही नॉट डिलीट द फाइल.’
4. ‘इफ ही हॅड आस्क्ड’. पुढचा भाग तसाच.
5. ‘इफ आय वॉज टायर्ड.’ हे ‘की नाही’ या अर्थाचं ‘इफ’ आहे.
6. ‘आय होप यू गेट द जॉब.’
7. ‘दॅट समवन इज इन द हाउस.’ पावलांच्या खुणा सूचना करत नाहीत. त्यांच्यावरून तसं दिसतं.
8. ‘लेस्ट ही मिस द ट्रेन’ किंवा ‘लेस्ट ही शुड मिस द ट्रेन.’